हिवाळ्यात हवा बिघडली आहे हे ओळखायचं कसं?

थंडी पडली की हवा शुद्ध होते, असं आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणापासून वाटत आलं आहे. पहाटे उठावं, स्वेटर-कानटोपी चढवावी, टेकडीवर किंवा बागेत जावं आणि छाती भरून ताजी हवा घ्यावी, हा सल्ला आजही घरोघरी दिला जातो. सह्याद्रीच्या कुशीतल्या एखाद्या वाडीत तो खराही ठरेल. पण मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, चंद्रपूर, सोलापूर अशा शहरांत नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत दिवसातली सगळ्यात वाईट हवा बऱ्याचदा नेमकी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान असते, आणि मग पुन्हा रात्री. त्यातल्या त्यात बरी हवा मिळते ती दुपारी, म्हणजे फिरायला कुणीच बाहेर पडत नाही तेव्हा.

त्या वाईट वेळेला रस्त्यावर कोण असतं ते आठवून पाहा. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेले आजी-आजोबा, शाळेच्या व्हॅनची वाट बघत उभी असलेली मुलं, पेपर टाकणारे, दूधवाले, रस्ता झाडणारे सफाई कामगार. ज्यांना जपायला हवं तीच माणसं सगळ्यात घाणेरडी हवा सगळ्यात जास्त वेळ आत घेतात. त्यांच्यापैकी कुणी बेफिकीर असतं असंही नाही. गारवा अंगाला लागला की हवा स्वच्छ आहे असंच वाटतं. म्हणून बिघडलेल्या हवेच्या खुणा नीट ओळखता यायला हव्यात. त्यातल्या काही डोळ्यांना दिसतात, काही नाकाला आणि घशाला कळतात, आणि काही कशालाच कळत नाहीत.

धूर वर का जात नाही

आधी कारण बघू, म्हणजे खुणा पाठ कराव्या लागणार नाहीत.

दिवसा उन्हानं जमीन तापते. तिच्यालगतची हवा तापून हलकी होते आणि वर चढते. गाड्यांचा धूर, रस्त्यावरची धूळ, भट्ट्यांची काजळी हे सगळं तिच्यासोबत एक-दोन किलोमीटर उंचीपर्यंत जातं आणि विरळ होतं. उंची वाढेल तशी हवा सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी थंड होत जाते, त्यामुळे खालच्या ऊबदार हवेला वरची वाट मोकळी असते.

हिवाळ्याच्या रात्री हे चित्र उलटतं. रात्र मोठी, आभाळ निरभ्र, हवा कोरडी. जमीन आपली उष्णता भराभर सोडून देते आणि तिला लागून असलेली हवा गारठते. वरची हवा मात्र तुलनेनं ऊबदार राहते. थंड हवा जड असल्यामुळे खालीच बसते आणि वरचा ऊबदार थर पातेल्यावरच्या झाकणासारखा काम करतो. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. उन्हाळ्याच्या दुपारी शहराचा धूर मिसळायला दोन किलोमीटर जाडीची हवा असते. हिवाळ्याच्या पहाटे त्याच धुराला कधी कधी शे-दोनशे मीटरच मिळतात. रस्त्यावर एकही गाडी वाढलेली नसली तरी श्वासातली घाण त्यामुळे कित्येक पटींनी वाढते.

सूर्य उगवला की झाकण लगेच उडत नाही. जमीन तापून खालची हवा वर सरकायला दोन-तीन तास लागतात, आणि नेमक्या त्याच वेळात शाळा-ऑफिसची गर्दी रस्त्यावर येते. सकाळचे सात ते दहा वाईट असतात ते यामुळे. सूर्य मावळला की झाकण पुन्हा बसू लागतं, तेव्हा संध्याकाळची वाहतूक आणि कोळशाच्या भट्ट्या जोरात असतात.

त्यात हिवाळ्याची स्वतःची भर पडते. पावसाळा संपल्यावर बांधकामं जोर धरतात, वीटभट्ट्या पेटतात, दिवाळीचे फटाके वाजतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या पट्ट्यात ऊसतोड झाल्यावर फडातलं पाचट पेटवलं जातं. हे सगळं धुऊन काढणारा पाऊस या दिवसांत नसतो.

मुंबईची गोष्ट थोडी वेगळी आहे. या शहराला समुद्राचं वरदान आहे: दुपारी समुद्रावरून येणारा वारा शहराची हवा बदलून टाकतो. हिवाळ्यात हा वारा उशिरा सुटतो, त्याचा जोरही कमी असतो, आणि जमिनीकडून समुद्राकडे जाणारे वारे वरचढ ठरतात तेव्हा आतल्या भागातली घाणही किनाऱ्यापर्यंत येते. २०२२ आणि २०२३च्या हिवाळ्याच्या तोंडावर मुंबईकरांनी हे चांगलंच अनुभवलं. ऑक्टोबर २०२३मध्ये महापालिकेला बांधकामांसाठी नियमावली काढावी लागली, मोठ्या बांधकामांभोवती ३५ फूट उंच पत्रे लावण्याची सक्ती झाली आणि मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली. समुद्रकाठच्या शहराला हवेची काळजी नको, हा समज तिथेच संपायला हवा होता.

पुण्याला समुद्र नाही आणि शहर टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागात वसलेलं आहे. थंड हवा उतारावरून घरंगळत खाली येते आणि तिथेच साचते. विदर्भात रात्री आणखी गार असतात, आणि चंद्रपूरसारख्या ठिकाणी कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्र शेजारीच आहेत. १९५२च्या डिसेंबरमध्ये लंडनवर असंच झाकण पाच दिवस बसून राहिलं. घराघरांतल्या कोळशाचा धूर त्याखाली कोंडला आणि हजारो माणसं दगावली. निसर्गाचा नियम तोच, जळणारी गोष्ट वेगळी.

आधी धुराकडे बघा

झाकण बसलं आहे का, हे कुठल्याही यंत्राशिवाय बघता येतं. सकाळी कुठे शेकोटी पेटलेली दिसली, टपरीवरची चूल दिसली किंवा लांबवर एखादं धुराडं दिसलं, की तिथला धूर कुठे जातोय ते थोडा वेळ न्याहाळा. धूर वर चढत, फाटत, विरत नाहीसा होत असेल तर हवा हलती आहे. धूर थोडा वर जाऊन एका पातळीला अडला आणि तिथून आडवा पसरत गेला, घरांच्या छपरांवर किंवा झाडांच्या शेंड्यांवर त्याचा सपाट पट्टा तयार झाला, तर समजा की झाकण बसलेलं आहे. पुण्यात तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर सकाळी गेलेल्यांना हे जास्त स्पष्ट दिसतं. वर निळं आकाश, आणि शहरावर मात्र करड्या-तपकिरी रंगाचा एक थर, वरून जणू कापल्यासारखा सरळ. त्या थराखाली आपली घरं असतात.

मला ही सगळ्यात विश्वासाची खूण वाटते, कारण ती घाण किती आहे यापेक्षा घाण बाहेर जाऊ शकतेय का, ते सांगते. आणि ती लहान मुलांनाही शिकवता येते.

धुकं की धुरकं?

दुसरी खूण म्हणजे समोरचं पांढुरकं दृश्य. इथे गल्लत फार होते. लोक फोटो काढतात, 'आज महाबळेश्वर झालंय' म्हणून ग्रुपवर टाकतात, आणि त्याच हवेत धावायला निघतात.

धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. खरं धुकं पडलं की गाडीचं टप, गवत, चष्म्याच्या काचा ओल्या होतात. गालाला ओलसर गारवा लागतो. त्याला वास नसतो. ऊन वर आलं की नऊ-दहापर्यंत ते वितळतं आणि मागे निळं आकाश दिसतं.

धुरकं म्हणजे धूर आणि धुळीचे हवेत साचलेले बारीक कण. ते कोरडं असतं. त्याचा रंग पांढऱ्यापेक्षा करडा, पिवळट किंवा तपकिरी दिसतो. अकरा-बारा वाजले तरी लांबच्या इमारती धूसरच राहतात. सूर्य क्षितिजापासून बराच वर आलेला असूनही मंद, नारिंगी थाळीसारखा दिसतो. डोक्यावरचं आकाश निळं वाटतं, पण नजर क्षितिजाकडे नेली की निळा रंग मळत जातो. त्या तपकिरी छटेचं एक कारण म्हणजे वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड. तो प्रकाशातला निळा भाग शोषून घेतो. दुसरं कारण म्हणजे एक मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) लहान कण. त्यांचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास असल्यामुळे ते प्रकाश सगळ्यात जास्त विखुरतात.

शहरात बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतात. धुक्याचे थेंब हवेतल्या कणांवरच तयार होतात, त्यामुळे कण जास्त तर धुकंही जास्त दाट आणि जास्त वेळ टिकणारं. चष्मा ओला झाला म्हणून हवा स्वच्छ, असा उलटा निष्कर्ष काढू नका.

डोळ्यांची ही परीक्षा रोज एकाच पद्धतीनं केली तर ती खूप उपयोगी पडते. घराच्या गच्चीवरून किंवा रोजच्या वाटेवरून दिसणाऱ्या दोन-तीन ठरलेल्या जागा निवडा: एक किलोमीटरभरावरची, एक पाच-सहा किलोमीटरवरची आणि जमली तर एक खूप लांबची. पर्वतीवर जाणाऱ्यांना सिंहगड आहे, सरळ रेषेत सतरा-अठरा किलोमीटर. कोल्हापूरकरांना पन्हाळा-जोतिबाचे डोंगर आहेत. मुंबईत मरीन ड्राइव्हवरून मलबार हिल, दादर चौपाटीवरून सी लिंकचे मनोरे. पावसानंतरच्या एखाद्या लख्ख दिवशी त्या कशा दिसतात ते नीट पाहून ठेवा, फोटो काढून ठेवला तर उत्तमच. मग हिवाळ्यात त्याच वेळी, त्याच जागेवरून बघा. डोंगराची कड नुसती फिकट झाली आहे, की डोंगरच गायब आहे?

वेळ तीच हवी, यामागे कारण आहे. हवेतल्या बारीक कणांमधले सल्फेट आणि नायट्रेटचे क्षार दमटपणा शोषून फुगतात. त्यामुळे तेवढेच कण दमट सकाळी जास्त दाट दिसतात आणि कोरड्या दुपारी कमी. याचा अर्थ असा की कोरड्या दुपारी आकाश बऱ्यापैकी स्वच्छ दिसत असतानाही बारीक कणांचं प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या कितीतरी वर असू शकतं. डोळ्यांना हवा वाईट दिसली तर विश्वास ठेवा. बरी दिसली तर मात्र एवढ्यावर निश्चिंत होऊ नका, मोबाइलवर हवेच्या गुणवत्तेचा आकडा बघा.

कधी कधी दूरची धूळही येते. २३ जानेवारी २०२२ रोजी पाकिस्तानच्या बाजूनं अरबी समुद्रावरून आलेल्या धुळीनं मुंबई पांढुरकी झाली होती आणि उभ्या गाड्यांवर पिठासारखा थर बसला होता. असा एकसारखा, फिक्या रंगाचा थर सगळीकडे दिसला तर तो आपल्या रस्त्यावरचा नसण्याची शक्यता जास्त.

नाक, फडकं आणि खिडकीचे गज

जळक्या प्लास्टिकचा वास, डिझेलचा उग्र दर्प, फटाक्यांनंतरचा गंधकाचा वास हे सगळ्यांना ओळखता येतात. कचरा जळल्याचा वास येत असेल तर त्या क्षणी तुमच्या भागातली हवा वाईट आहे, मोबाइलवरचा आकडा काहीही म्हणो. २०१६च्या जानेवारीअखेरीस देवनारच्या कचराभूमीला आग लागली तेव्हा तो धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला होता. आपल्या गल्लीच्या टोकाला जळणारा पालापाचोळा आणि पिशव्या तेवढ्या मोठ्या नसतात, पण त्यांचा धूर आपल्या अगदी नाकाशी असतो.

नाकाची अडचण अशी की त्याला सवय लागते. कारखान्याजवळ किंवा कचरा डेपोजवळ राहणाऱ्यांना तो वास काही काळानं जाणवेनासा होतो. त्यांच्याकडे आलेला पाहुणा दारातच नाक मुरडतो. अशा वेळी पाहुण्याचं नाक जास्त खरं.

घरातल्या वस्तूही सांगत असतात. रस्त्याकडच्या खिडकीचे गज किंवा गॅलरीचा कठडा रात्री ओल्या पांढऱ्या फडक्यानं पुसा आणि सकाळी पुन्हा पुसा. फडक्यावर तपकिरी, खरखरीत मळ आला तर तो बहुतेक मातीचा, बांधकामाचा किंवा रस्त्याच्या धुळीचा. काळा, बोटाला चिकटून पसरणारा, जरा तेलकट मळ आला तर ती काजळी आहे: डिझेल, कोळसा, लाकूड किंवा कचरा जळल्याची. तुळशीची पानं, एसीची जाळी, पडद्यांच्या वरच्या कडा यांवरही हेच दिसतं.

पण गजांवर बसते ती जाड धूळ. जास्त घातक ते पीएम २.५ नावानं ओळखले जाणारे कण, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाचे. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्याच्या वीसाव्या हिश्श्याहूनही हे कण लहान. ते सहजासहजी खाली बसत नाहीत, हवेत दिवसचे दिवस तरंगत राहतात. फर्निचर स्वच्छ दिसतं म्हणून हवा स्वच्छ, असं म्हणूनच म्हणता येत नाही.

शरीर काय सांगतं

मोठे कण नाकात आणि घशात अडतात. दिवसभर बाहेर फिरून आल्यावर नाक शिंकरलं आणि काळपट शेंबूड आला, तर नाकानं आपलं काम केलं आहे. बारीक कण मात्र फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोचतात आणि त्यातले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. म्हणून वाईट हवेचा संबंध खोकल्यापुरता नाही. हृदयविकार आणि पक्षाघाताशीही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१३ साली बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाला कर्करोगकारक ठरवलं.

सुरुवातीची लक्षणं साधी असतात. डोळे चुरचुरतात, घशात काहीतरी अडकल्यासारखी खवखव होते, सकाळी उठल्यावर कोरडा खोकला येतो, रोजचाच जिना चढताना दम लागतो. दमा असलेल्यांना पंप जास्त वेळा घ्यावा लागतो, आणि माझ्या मते घरच्यांनी सर्वांत बारकाईनं लक्ष ठेवावं ते याच गोष्टीवर.

सर्दी-खोकला आणि हवेचा त्रास यांत फरक कसा करायचा? संसर्ग असेल तर बहुधा ताप, अंगदुखी असते आणि आठवड्याभरात उतार पडतो. हवेचा त्रास असेल तर ताप नसतो, पण खवखव आठवडेच्या आठवडे रेंगाळते, सकाळी आणि रात्री वाढते. चार दिवस गावी गेलं की आपोआप कमी होते, शहरात परतलं की पुन्हा सुरू. हा ठोकताळा आहे, निदान नाही. खोकला दोन आठवड्यांपुढे गेला तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यायलाच हवी. बसल्या जागी धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर दिसणं, मुलाच्या बरगड्यांमधली जागा श्वास घेताना आत ओढली जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

लहान मुलं मोठ्यांपेक्षा भराभर श्वास घेतात आणि वजनाच्या मानानं जास्त हवा आत घेतात. शिवाय त्यांची फुप्फुसं अजून वाढत असतात. 'हिवाळा आहे, मुलं खोकणारच' हे वाक्य आपण फार सहज बोलतो.

ज्याची खूण हवेत दिसत नाही

थंडीत दारं-खिडक्या बंद होतात आणि घरातली हवा घरातच फिरत राहते. डासांची कॉइल, उदबत्ती, धूप, फोडणीचा धूर हे सगळे बारीक कणच सोडतात. बंद खोलीत रात्रभर कॉइल लावून झोपणं म्हणजे बाहेरचा धूर टाळून आतला घेणं. गावाकडे स्वयंपाक गॅसवर आला तरी हिवाळ्यात आंघोळीच्या पाण्यासाठी बंब किंवा चूल पेटतेच, आणि तिचा धूर पडवीतून घरात येतो.

पण या सगळ्याहून वेगळा, एका रात्रीत जीव घेणारा धोका म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. हवा अपुरी असताना काहीही जळलं की तो तयार होतो. बंद खोलीत ऊबेसाठी ठेवलेली कोळशाची शेगडी आणि कोंदट न्हाणीघरातला गॅस गीझर, या दोन गोष्टींनी दर हिवाळ्यात माणसं जातात. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही.

त्याच्या खुणा माणसांत आणि ज्योतीत शोधायच्या. डोकं जड होणं, चक्कर, मळमळ, गुंगी. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असं वाटू लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर कार्बन मोनॉक्साइडचीच शंका घ्या. गीझरची किंवा शेगडीची निळी ज्योत पिवळी-नारिंगी होणं, वरच्या भिंतीवर काजळी धरणं, हीसुद्धा खूण आहे. दारं-खिडक्या सताड उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, जमलं तर गॅस बंद करा आणि दवाखान्यात जा. 'थोडं पडलं की बरं वाटेल' म्हणून आडवं होणं हीच इथली जीवघेणी चूक. गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. शेगडी पेटती ठेवून कुणालाही झोपू देऊ नका, बाळंतिणीच्या खोलीत तर मुळीच नाही.

आकडा वाचायचा कसा

आपल्या देशात हवेच्या गुणवत्तेचा राष्ट्रीय निर्देशांक २०१५पासून सुरू आहे. शून्य ते ५० चांगली, १००पर्यंत समाधानकारक, २००पर्यंत मध्यम, ३००पर्यंत खराब, ४००पर्यंत अतिशय खराब आणि त्यापुढे ५००पर्यंत गंभीर. आठ प्रदूषकांचा विचार होतो आणि ज्याची पातळी सगळ्यात वाईट, त्याचाच आकडा निर्देशांक म्हणून दिला जातो. हिवाळ्यात हा मान बहुतेक वेळा पीएम २.५ किंवा पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) यांच्याकडे जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲप आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची 'सफर' यंत्रणा ही माहिती मोफत देतात.

आकडा बघताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. अधिकृत निर्देशांकातला कणांचा आकडा २४ तासांच्या सरासरीवर बेतलेला असतो. सरासरी 'मध्यम' असली तरी आत्ता सकाळी आठ वाजताची हवा 'खराब' असू शकते, म्हणून तासागणिक आलेख मिळत असेल तर तोच बघा. दुसरं, केंद्र तुमच्यापासून किती लांब आहे? पाषाणचा आकडा हडपसरला लागू होत नाही आणि बोरिवलीचा गोवंडीला.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त गोंधळ उडवते. दोन ॲप दोन आकडे दाखवतात आणि लोक म्हणतात, 'सगळं खोटं आहे.' समजा हवेत पीएम २.५चं प्रमाण ४५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. भारतीय निर्देशांकात ते ७५ होतं, म्हणजे समाधानकारक. अमेरिकी पद्धतीनं मोजणारं ॲप तीच हवा सव्वाशेच्या आसपास दाखवतं. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नाही, पट्टी वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली दिलेली २४ तासांची मर्यादा १५ आहे, आपल्या देशाची ६०. ही ४५ची हवा आपल्या नियमात बसते आणि संघटनेच्या मर्यादेच्या तिप्पट असते. म्हणून घरात दम्याचा रुग्ण, तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर 'समाधानकारक' या शब्दावर न थांबता पीएम २.५चं मूळ प्रमाण बघावं, असं मी आग्रहानं सांगेन.

खुणा दिसल्या, मग?

चालणं थांबवू नका, वेळ बदला. ऊन चांगलं वर आल्यावर, किंवा दुपारी चार ते सूर्यास्ताच्या आत. निवृत्त माणसांना हे सहज जमतं, अडवते ती फक्त पहाटेची सवय. ज्यांना पहाटेच जमतं त्यांनी हमरस्ता सोडून आतला रस्ता धरावा आणि वाईट दिवशी धावणं टाळावं, कारण धावताना आपण कितीतरी पट हवा आत ओढतो.

खिडक्या दिवसरात्र बंद ठेवूनही चालत नाही. दुपारी बारा ते चार उघडा, सकाळी आणि रात्री रस्त्याकडच्या मिटा. कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसा. मास्क वापरायचा तर एन-९५, आणि नाकाच्या कडेनं हवा शिरणार नाही असा घट्ट बसवलेला. रुमाल किंवा कापडी मास्क जाड धूळ अडवतो, बारीक कण नाही. हवा शुद्ध करणारं यंत्र खोली बंद ठेवली तरच उपयोगी पडतं आणि दम्याच्या रुग्णाच्या खोलीत ते ठेवण्याला अर्थ आहे. कुंड्यांतल्या झाडांनी खोलीतली हवा स्वच्छ होते यावर पैसे घालवू नका. झाडं हौसेनं लावा.

शाळांनी सकाळचा खेळाचा तास हिवाळ्यापुरता दुपारी घेतला तर एक पैसाही खर्च होणार नाही. पालक सभेत हा मुद्दा कुणीतरी मांडायला हवा.

आणि कचरा जाळण्याबद्दल. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ साली त्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. महापालिकेकडे तक्रार जरूर करा. पण सोसायटीच्या फाटकाशी रात्री दोन वाजता शेकोटी करणारा वॉचमन कचरा संपवण्यासाठी ती करत नसतो. त्याला थंडी वाजत असते. हाताला लागेल ते तो जाळतो आणि त्या धुराचा पहिला श्वासही त्याचाच असतो. दिल्लीत प्रदूषण वाढलं की लागू होणाऱ्या नियमांत सोसायट्यांनी सुरक्षारक्षकांना विजेचे हीटर द्यावेत, अशी स्पष्ट सूचना आहे. आपल्याकडे त्यासाठी नियमाची वाट बघायचं कारण नाही. पुढच्या मासिक बैठकीत विषय घ्या: एक हीटर, एक जाड जाकीट, आणि वारा लागणार नाही अशी केबिन.